हवेत तळलेले व्रत

माणसाला विरक्ती येते ती दोन कारणांनी. एक तर त्याला ज्ञान होते, नाहीतर त्याच्या रक्ताचा रिपोर्ट येतो. सिद्धार्थ गौतमाचे पहिल्या कारणाने भागले. एक म्हातारा, एक आजारी आणि एक प्रेत एवढे पाहून तो राजवाडा सोडून गेला. यातले पहिले दोघे मला रोज सकाळी दाढी करताना आरशात एकदमच भेटतात. पण त्यामुळे मी कधी चहा अर्धा टाकून उठल्याचे आठवत नाही. माझ्या वैराग्याला कोलेस्टेरॉलचा आकडा यावा लागला.

डॉक्टरांनी तो कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "तळलेलं बंद."

"म्हणजे कमी?" मी विचारले. भाजीबाजारात घासाघीस करून करून तोंडाला वळण पडलेले असते.

"कमी नाही. बंद."

"पुडाची वडीसुद्धा?"

"पुडाची वडी तळतात का?"

"तळतात."

"मग बंद."

घरी आलो, चपला काढल्या आणि ओसरीवरूनच जाहीर केले, "आजपासून या घरात तळण बंद!" वाक्य मला फार बाणेदार वाटले. त्यातले 'या घरात' हे दोन शब्द कुठून आले, याचा विचार त्या वेळी केला नाही. तो पुढे करावा लागला, आणि हे सगळे लिहिण्याचे कारण तेच आहे.

अशी घोषणा करण्याचा मला एका अर्थी वंशपरंपरागत हक्क आहे. मी नालवाडीचा. नालवाडी वर्ध्याला लागून आहे. लागून म्हणजे इतकी लागून, की वर्धा कुठे संपले आणि नालवाडी कुठे सुरू झाली, हे आता फक्त घरपट्टीच्या पावतीवरून कळते. पण १९३२ च्या डिसेंबरात विनोबा वर्ध्याचा आश्रम सोडून इथे राहायला आले, तेव्हा हे वेगळे, लहानसे खेडे होते. नुसत्या सूतकताईच्या मजुरीवर माणसाला जगता येते का, याचा प्रयोग त्यांनी इथे केला, आणि तोही दुसऱ्या कोणावर न करता स्वतःवर केला. १९३४ साली ग्रामसेवा मंडळ निघाले. जमनालाल बजाज शेवटच्या दिवसांत गोसेवेसाठी झोपडी बांधून राहिले, ते इथल्याच गोपुरीत. तिकडे मगनवाडीत १९३५ च्या सुमारास गांधीजींचे आहाराचे प्रयोग चालले होते. कडुलिंबाच्या पाल्याची चटणी आणि सोयाबीन, असा तो मेनू. देशाची सेवा करायला म्हणून लांबून लांबून आलेली माणसे पाटावर बसत आणि पानातली ती हिरवी गोळी पाहून स्वराज्याची किंमत त्यांच्या ध्यानात येई.

त्यातले सोयाबीन पुढे आमच्या जिल्हाभर पेरले गेले. गांधीजींनी त्या दाण्यात गरिबाचे सकस अन्न पाहिले होते. आम्ही त्यात तेल पाहिले. त्या तेलात तीस-पस्तीस वर्षे भजी तळली आणि मग डॉक्टरांकडे गेलो.

गांधीजींच्या आश्रमाची एकादश व्रते होती, त्यांतले एक अस्वाद. जेवायचे ते शरीर चालावे म्हणून. जसे औषध घेतो तसे. औषध गोड आहे का कडू, हे पाहून कोणी त्याचा डोस वाढवत नाही, तसे अन्नाचे. लोकांना बापजाद्यांकडून शेती मिळते, आम्हांला हे व्रत मिळाले. वडील एका खादी संस्थेत कार्यकर्ते होते. विशीतच त्यांनी मीठ, साखर आणि मिरची सोडली, ती अखेरपर्यंत परत धरली नाही. त्यांना जेवताना पाहणे ही एक शिस्त होती. वरण, भाकरी, उकडलेली भाजी, दह्याची वाटी. वरण बिघडले आहे का साधले आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळले नाही. अशा बापाचा मुलगा मी, पुडाच्या वडीसाठी डॉक्टरशी हुज्जत घालून आलो होतो. तेव्हा घोषणा तरी दणदणीत करणे भाग होते.

घोषणेची बातमी फोनवरून पुण्यात मुलीकडे गेली आणि आठ दिवसांत पुठ्ठ्याचे एक भले थोरले खोके घरी आले. "बाबा, एअर फ्रायर आहे. तेल लागत नाही. यात काय हवं ते खा."

यंत्र काळे, गुळगुळीत आणि अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखे होते. पोटात एक कप्पा, कप्प्यात जाळीची टोपली. चालू केले की पिठाची गिरणी दोन गल्ल्या पलीकडे चालावी तसा आवाज. नाव 'फ्रायर', पण तळणे असे त्यात काही नाही. डोक्यावर तापणारी तार, तिच्यावर पंखा. पंखा ती गरम हवा खालच्या पदार्थाभोवती गरगर फिरवतो, पदार्थाच्या अंगावरचे पाणी सुकते आणि वरून तो खरपूस होतो. म्हणजे भट्टीच, फक्त लहान आणि घाईतली. एका डच माणसाने हे काढले आणि २०१० साली ते बर्लिनच्या प्रदर्शनात जगापुढे आले. मला त्यातली नैतिक सोय फार आवडली. आजवर माणसाला दोनच रस्ते होते : भजे खावे आणि पाप पदरी घ्यावे, किंवा भजे सोडावे आणि पुण्य घ्यावे. या यंत्राने तिसरा काढला. भजेही खावे आणि पुण्यही घ्यावे. संयम यंत्राने करायचा, आपण फक्त प्लग लावायचा. पूर्वी यजमान उपास ब्राह्मणाकडून करवून घेत, त्यातलाच हा प्रकार, फक्त विजेवर चालणारा.

दिवाळी आली. आमच्या सौभाग्यवतीने त्या यंत्रात चकल्या केल्या. दिसायला चकल्याच होत्या. पण ताटलीत टाकल्या की घुंगरांसारख्या वाजत, आणि चावताना आवाज चकलीचा येतो आहे का दाढेचा, हे नीट कळत नसे. मी म्हणालो, "छान झाल्या आहेत." ती काही बोलली नाही. शंकरपाळे, अनरसे, भरडाभातावरचे वडे, एकेक पदार्थ त्या टोपलीत उतरला आणि वैराग्य पत्करून बाहेर आला. ती काहीच बोलली नाही. मला वाटले, तिला पटले आहे. बायको बोलली नाही की तिला पटले आहे असे समजणे, हे विवाहित पुरुषांचे फार जुने शास्त्र आहे.

मग मे महिना आला. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगले नाही त्यांना सांगून पटणार नाही. दुपारी तीनची वेळ. कूलरपुढे मी आडवा. अर्धवट झोपेत नाकाला वास आला. प्रथम वाटले स्वप्न आहे. पण माझ्या स्वप्नांना एवढा चांगला वास कधी येत नाही. तो वास चॉकलेटचा होता.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या लहानपणी मराठीत 'चॉकलेट' या शब्दाचा अर्थ फार उदार होता. कागदात गुंडाळलेले आणि दोन्ही टोकांना पिळलेले जे काही असेल ते चॉकलेट. आत रावळगावची गोळी असो नाहीतर संत्र्याच्या वासाची साखर असो. खऱ्या चॉकलेटशी तिची ओळखदेखील नसे. खरे चॉकलेट कडू असते, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. कोकोच्या झाडाला १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ 'देवांचे अन्न'. १८२८ साली व्हॅन हाउटेन नावाच्या डच माणसाने कोकोच्या दाण्यातले लोणी दाबून काढण्याचे यंत्र पेटंट केले आणि उरलेल्या चोथ्याची भुकटी झाली. १८४७ साली इंग्लंडात फ्रायने पहिली खायची वडी पाडली. म्हणजे कोकोच्या भुकटीचे यंत्र डच आणि एअर फ्रायरही डच. मधली पावणेदोनशे वर्षे जणू ते आमच्या नालवाडीच्या स्वयंपाकघरात भेटायचे म्हणूनच निघाले होते.

मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ओट्याशी सौ. आणि शेजारची आठवीतली मुलगी. मुलीच्या तोंडाला तपकिरी मिशी. सौ.च्या हातात वाटी होती. मला पाहताच ती वाटी पदराखाली गेली.

"काय चाललंय?"

"काही नाही. गंमत."

मुलीला लपवण्यासारखे काही वाटले नव्हते. "आजोबा, केक करून राहिलो आम्ही! इतकं सोपं आहे! चॉकलेटच्या बिस्किटाचे दोन पुडे चुरायचे, दूध टाकायचं, अन् इनो. बस! वीस मिनिटं!"

"इनो? ते मी खाऊन झाल्यावर घेतो."

"आता आधीच टाकलं ना आजोबा, मंग नंतर कशाले घ्याचं?"

तर्क बिनतोड होता. मी मोर्चा वळवला. "हे यंत्र कशासाठी आणलंय, माहीत आहे ना?"

"तळण बंद आहे, हे माहीत आहे," सौ. म्हणाली. "हे कुठे तळलंय?"

कायद्याच्या दृष्टीने मी तिथेच हरलो. पण हरलेला माणूस तत्त्वज्ञानात शिरतो, तसा मी शिरलो. मी म्हणालो की, प्रश्न तळण्याचा नसून वृत्तीचा आहे. वीस मिनिटांत, बटण दाबून, पुडे फोडून जी गोष्ट मिळते तिला काय गोडी? पूर्वी केक म्हणजे केवढा सोहळा असे! बाजारातून आणलेला तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन, खालच्या तबकडीत वाळू, ती तापायलाच अर्धा तास; लोणी-साखर एका बाजूने फेसता फेसता हात भरून येत; मग दीड तास राखण. त्या केकला चव होती!

"हात कोणाचे भरून येत?" तिने विचारले.

मी कूलरपुढे परत गेलो. सोपेपणावर टीका करणारा माणूस बहुधा ते काम कधीही न केलेला असतो, हे मला तेव्हाच सुचायला हवे होते. पण उष्म्यामुळे म्हणा, ते उशिरा सुचले. मला खटकत होती ती ती वाटी. ती पदराखाली का गेली? मी रागावणारा माणूस नाही. मी कधी काही 'मना' केलेले नाही. मग?

या मुद्द्यावर मला कोणा अधिकारी माणसाकडून निकाल हवा होता, अर्थात माझ्या बाजूचा. गोपुरीच्या वाटेवर आमचे एक गुरुजी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. अजून रोज सूत काततात. वडिलांचे धाकटे सहकारी. अस्वाद व्रताचे आता आमच्या माहितीतले शेवटचे खातेदार. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गेलो. प्रश्न शक्य तितका व्यापक करून मांडला. "गुरुजी, अस्वाद व्रतात कोको बसतो का?"

गुरुजींनी पेळू बाजूला ठेवला. "बापूंनीच प्यायलेला आहे," ते म्हणाले.

मी चकित झालो. पण गोष्ट खरी आहे, आत्मकथेत आहे. १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेलेल्या गांधीजींनी तिथे खर्च कमी करताना चहा-कॉफी सोडली आणि तिच्या जागी कोको घेतला. ओटची लापशी आणि कोको ही त्यांची न्याहरी. म्हणजे ज्या काळात माझ्या खापरपणज्याने कोको हा शब्दही ऐकला नसेल, त्या काळात अस्वाद व्रताचे जनक तो पीत होते. मी मनातल्या मनात खटला हरत असतानाच गुरुजी पुढे म्हणाले, "अन् मग सोडलाही." तेही खरे. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत आरोग्यावर लेखमाला लिहिताना त्यांनी कोकोचा समाचार घेतला. कारण जिभेचे नव्हते. कोकोच्या मळ्यांवर मजुरांचे जे हाल होतात ते डोळ्यांनी पाहिले तर कोणी कोको तोंडाला लावणार नाही, असा त्या लिहिण्याचा आशय होता. पुढे १९४२ साली आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी पुन्हा आरोग्यावर लिहायला घेतले, तेव्हाही चहा-कॉफीच्या रांगेत कोकोला बसवून तिघांनाही शरीराला गरज नाही म्हणून बाहेर काढले.

मला ही तफावत महत्त्वाची वाटली. मी कोकोत माझे कोलेस्टेरॉल पाहत होतो. गांधीजींनी त्यात मजूर पाहिला होता. आजही जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि तिथल्या मळ्यांत अजूनही लहान मुले राबतात. म्हणजे 'सोपा' केक कुठेतरी कोणालातरी अवघड गेलेला असतोच. पुड्यावर ते छापलेले नसते.

"मग बिस्किटं वर्ज्य?" मी जरा आशेने विचारले.

"ते तुम्ही ठरवा जी. आपल्याकडेही पिकतो कोको. केरळात, आंध्रात, कर्नाटकात. शोधून घ्याल तर मिळंल." आणि मग गुरुजींनी ज्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती असा प्रश्न विचारला. "सूनबाईले काय आवडते?"

"कशात?"

"खाण्यात. तिले काय आवडते?"

मी तोंड उघडले आणि तसेच ठेवले. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. मला काय आवडते याची यादी तिला पाठ आहे. मुलीला काय आवडते ते मलाही सांगता येईल. जावयाला काय आवडते हे तर सगळ्या घराला माहीत आहे, कारण तो आल्यावर तेच होते. पण तिला? मी म्हणालो, "तिला... सगळंच आवडतं."

गुरुजींनी पेळू उचलला. "तुमच्या आईलेही सगळंच आवडे," ते म्हणाले आणि कातायला लागले.

घरी येताना मला पदराखालची ती वाटी कुठे पाहिली होती ते आठवले.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. कोणाकडे तरी बारसे होते. तिथे बायकांना हळदीकुंकवाबरोबर एकेक चॉकलेट मिळाले होते. म्हणजे तेच, कागदातले, दोन टोकांना पिळलेले. संध्याकाळी मी चेंडू शोधायला घरामागे गेलो, तर गोठ्याच्या भिंतीआड आई उभी. तोंडात काहीतरी घोळत होते. मला पाहून तिने हात पदराखाली घेतला. मग तिलाच हसू आले. तिने ती गोळी कागदात धरून दाताने तोडली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "यांना सांगू नको."

मी सांगितले नाही. मला त्यात एखाद्या कटात सामील झाल्याचा आनंद होता. आज सत्तरीत लक्षात आले की, त्या घरात अस्वादाचे व्रत घेणारा माणूस एकच होता आणि पाळणारी माणसे मात्र सगळी होती. वडिलांनी आईला कधी काही मना केले नाही. हीच तर खरी अडचण. मनाई असती तर ती मोडता आली असती. ते नुसते शांतपणे बिनमिठाचे वरण जेवत, आणि त्यांच्यासमोर बसून लोणच्याची फोड घेणे आईला जमत नसे. त्यांचे वेगळे शिजवायचे, मुलांचे वेगळे, आणि स्वतःचे वेगळे शिजवायला चूल मोकळी नाही. वडील साधे, सज्जन होते. त्यांना कोणी सांगितले असते की, तुमची बायको गोठ्यामागे उभी राहून गोळी चघळते, तर त्यांना राग आला नसता. फार वाईट वाटले असते. म्हणूनच कोणी सांगितले नाही.

विनोबांनी मजुरीचा प्रयोग केला तो स्वतःच्या पोटावर. व्रताला तेवढीच जागा असते : घेणाऱ्याच्या कातडीच्या आत. ते कातडीबाहेर पडून 'या घरात' शिरले, की घेणाऱ्याचे ते व्रतच राहते, पण बाकीच्यांची ती नुसती गैरसोय होते. पुण्य एकाच्या खात्यावर आणि हप्ते दुसऱ्याच्या पगारातून. शिवाय ती माणसे आपल्यावर प्रेम करणारी असली, तर हप्ते बिनबोभाट भरतात. माझ्या घोषणेत आणि वडिलांच्या व्रतात एकच फरक होता. त्यांनी निदान स्वतःचे मीठ सोडले होते. मी यंत्र लावून भजी चालूच ठेवली होती.

आता प्रायश्चित्त. दुसऱ्या रविवारी मी सौ.ला सांगितले, "आज केक मी करणार. तू ओट्याशी यायचं नाही." ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली, पण तिचे कान स्वयंपाकघरातच राहिले.

गुरुजींचे शब्द मनात होते म्हणून बिस्किटांचे पुडे न घेता मुलीकडून कोकोची भुकटी मागवली होती, आपल्याकडच्या कोकोची. कर्नाटकात पुत्तूरला शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने १९८६ साली चॉकलेटचा कारखाना काढला, हेही त्या निमित्ताने कळले. कृती शेजारच्या मुलीने वहीच्या पानावर लिहून दिली होती : वाटीभर कणीक, पाव वाटी कोको, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धा चमचा खायचा सोडा, लागेल तसे दूध, आणि पाव वाटी तेल.

तेल! मी तो शब्द तीनदा वाचला. तेल नको म्हणून आणलेल्या यंत्रात पाव वाटी तेल! डॉक्टरांच्या कागदावर 'तळलेले बंद' होते. केकबद्दल डॉक्टर काही बोललेले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. शेवटी आपले गावचे गाईचे तूप घातले. गोरसपाकाच्या मुलखात तुपाला कोणी नावे ठेवत नाही.

मी सगळे कालवले. सोडा दह्याला भेटला आणि पीठ फसफसून वर आले. फार उमेद वाटली. मग कागदाची पुढची ओळ वाचली : यंत्र आधी पाच मिनिटे तापवून घ्यावे. मी तापवत बसलो तोवर पिठातले बुडबुडे कंटाळून निघून गेले. मग डब्याखाली घालायचा कागद रिकाम्या टोपलीत ठेवून यंत्र बंद केले मात्र, पंख्याने तो उडवून वरच्या तारेला चिकटवला आणि घरभर होळीचा वास सुटला. ती होळी विझवून, डबा काठोकाठ भरून १८० अंशांवर ठेवला. पंचवीस मिनिटांनी बाहेर काढला तेव्हा वरून तो उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारखा भेगाळलेला होता. सुरी घातली तर आत चांगली ओल. कपाशीला उत्तम.

मुलीला सल्लामसलतीला बोलावले. तिने डबा पाहिला आणि एखाद्या अनुभवी डॉक्टरसारखी मान हलवली. "आजोबा, जाळ वरून आहे ना याले. खालून नाही. मंग वरचं जळन अन् मधलं कच्चं राहीन." मला एकदम माझी आजी आठवली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजताना ती काही निखारे खाली ठेवी आणि काही वर लोटी. काही भाजायचे झाले तर पातेल्याच्या झाकणावरही निखारे ठेवी. जाळ दोन्हीकडून हवा, हे तिला बर्लिनच्या प्रदर्शनाशिवाय माहीत होते. "मोठ्या शहरात याले लाव्हा केक म्हणते," मुलीने मला धीर दिला. "दोनशे रुपयाले एक." पण आम्ही ठरवले, लाव्हा नको. दुसऱ्या खेपेला यंत्र आधी तापवले, सोडा सगळ्यांत शेवटी घातला, पीठ स्टीलच्या लहान वाट्यांत अर्धे अर्धेच भरले, वर फॉइल घट्ट दाबून बसवली, आणि १६० वर ठेवले. दहा मिनिटांनी फॉइल काढली, आणखी पाच मिनिटांनी सौ.ची विणायची सुई खुपसून पाहिली. कोरडी निघाली! इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

पहिली वाटी सौ.पुढे ठेवली. "आता सांग," मी म्हणालो, "तुला काय आवडतं?"

"मला? सगळंच आवडतं."

"ते नाही चालायचं. नेमकं सांग."

तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू तिला तिचा आधार क्रमांक पाठ म्हणायला सांगितला आहे. "विचार करून सांगते," ती म्हणाली. आणि तिने खरोखरच दोन दिवस घेतले! माणसाला स्वतःची आवड सांगायला दोन दिवस लागावेत, याला इंद्रियनिग्रह म्हणतात का आणखी काही, हे मला गुरुजींना विचारायचे आहे. अजून धीर झालेला नाही.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती म्हणाली, "कड."

"कसली कड?"

"कसलीही. केकची कड, भाकरीची कड, बर्फीच्या ताटातली कड, दुधाच्या पातेल्याची खरवड. कुरकुरीत असते ना, ती मला आवडते."

मी हिशेब केला. आमच्या घरात केकची कड मला मिळते. भाकरीचा पापुद्रा मला. खरवड पूर्वी मुलीला, आता मला. मला कड आवडते अशातला भाग नाही. कोणीतरी वाढले आणि मी खाल्ले. बेचाळीस वर्षे तिच्या वाट्याला मधला मऊ भाग येत राहिला, आणि तो चांगला म्हणून तिच्याकडे ठेवला आहे, असे मी समजत होतो.

आता आमच्याकडे असे ठरले आहे. तळण माझ्यासाठी बंद आहे; घरासाठी नाही. महिन्यातून एकदा ती कढई ठेवते, पुडाच्या वड्या तळते आणि माझ्यासमोर बसून खाते. समोर बसूनच खायची, ही अट मी घातली आहे. मला फार त्रास होतो. पण तो माझा मला होतो, यात एक प्रकारचे समाधान आहे. वडिलांना काय वाटत असेल ते जिभेच्या टोकापुरते का होईना, कळते. आणि रविवारी केक मी करतो. गुरुजींकडे एक वाटी नेऊन दिली. त्यांनी ती औषधासारखी खाल्ली, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, आणि वाटी परत देताना विचारले, "हे औषध किती दिवसांनी घ्याचं?"

त्या यंत्रातली एक खोड मात्र अजून गेलेली नाही. जाळ वरून असल्यामुळे वरचा पापुद्रा आणि बाजूची कड जरा जास्तच खरपूस होते. लहान वाट्यांत तर मऊ भाग औषधाला उरतो, बाकी सगळी कडच. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, तापमान दहा अंश कमी करून बघा, कड मऊ होईल."

मी तिला सांगितले आहे, त्या बटणाला हात लावायचा नाही.